दीपमालाच्या संमतीबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
नातेवाईक दत्तक शाखा (परदेशी प्रकरणे),
अमरावती.

अर्जदार : धर्मपाल तुकाराम खंडारे, निवृत्त बेलीफ, रा. भातकुली.

विषय : कु. पायल श्रावण सरदार, वय सात, हिच्या दत्तक प्रकरणात तिच्या मयत आईची संमती मागितल्याबाबत.

संदर्भ : आपल्या शाखेत माझ्याशी झालेली तोंडी चर्चा.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, पायल ही माझी नात. तिचे आईवडील, म्हणजे माझी थोरली मुलगी कालकथित दीपमाला व जावई कालकथित श्रावण, गेल्या वर्षी अकोल्याहून मोटारसायकलने येताना मूर्तिजापूरजवळ अपघातात जागीच गेले. तेव्हापासून पायल आमच्याकडे आहे. माझी धाकटी मुलगी पिंकी व तिचे पती स्वप्निल तिला कायदेशीर दत्तक घेऊ इच्छितात. ते कॅनडात राहतात. स्वप्निल यांच्याकडे कॅनडा व ब्रिटन अशा दोन देशांचे नागरिकत्व असून आपल्या सरकारचे परदेशस्थ भारतीयांसाठीचे ओसीआय कार्डही आहे. त्यामुळे कागद दुप्पट लागले, ते आम्ही दिले. माझी पत्नी चतुराबाई हिचे डायलिसिस चालू आहे, माझेही वय झाले. आमच्यामागे पोरीला इथे कोणी नाही. देण्याचे कारण एवढेच आहे, हौस नाही.

२. आपल्या समाजसेविका श्रीमती सीमा काळमेघ गृहभेटीसाठी ठरल्या तारखेच्या आदल्या दिवशीच येऊन गेल्या. त्या दिवशी मी पत्नीला घेऊन दवाखान्यात होतो, पायल शाळेत होती, घराला कुलूप होते आणि किल्ली माझ्या खिशात होती. ठरल्या दिवशी आम्ही अंगण सारवून, धुतलेले कपडे घालून बसलो, तर कोणी आले नाही. विचारायला शाखेत आलो तेव्हा कळले की भेट झाली, मुलीच्या आईने दार उघडले, पाणी दिले, चहा पाजला. सबब आई हयात आहे, तिची संमती आणा, असे आपण मला सांगितले.

३. महोदय, मी उभी हयात दिवाणी कोर्टात बेलीफ होतो. माणूस मेला असेल तर समन्सवर 'मयत' लिहून कागद परत करत होतो आणि कोणत्याही साहेबाने मला मेलेल्याची सही आणायला पाठवले नाही. त्यातून आम्ही बौद्ध. आत्मा, भूतखेत, अंगात येणे आमच्या घरात माझ्या बापापासून बंद आहे. दीपमालाचे श्राद्ध केले नाही, पुण्यानुमोदन केले. शेजारच्या शकुनबाईंनी कोणा जाणत्याकडे चला म्हटले, त्यांनाही मी हात जोडले. आणि सरकारी शाखाच मला सांगते की ती घरात आहे! जावयाला दोन देशांचे नागरिकत्व आहे हे मी समजू शकतो. माझ्या मुलीला इहलोक आणि परलोक अशा दोन्हीकडचे रहिवासी दाखले कोणी दिले, हे मला कळले नाही. माझा आवाज चढला व शिपायाने मला बाहेर बाकावर बसवले.

४. श्रीमती काळमेघ मागाहून बाकाजवळ आल्या. बाई खोटी वाटली नाही, घाबरलेली वाटली. मी मोबाइलमधला फोटो दाखवला, त्या म्हणाल्या, हीच. मी म्हटले, शेजारची कोणी असेल. त्यावर त्या म्हणाल्या की चहात गवती चहा होता आणि मिठाचा कण होता, असा चहा मी कुठे प्यायले नाही. महोदय, तसा चहा आमच्या घरी दीपमालाच करायची. आम्ही तिला त्यावरून चिडवत होतो. हे मी कोणाला सांगितलेले नाही. मी विचारले, आणखी काय बोलली. त्यांनी सांगितले ते जसेच्या तसे लिहितो : "तिकडं लई थंडी रायते म्हणतात. पोरीले खोकला लागते. रात्री कोण उठन?"

त्यानंतर मी भातकुलीची गाडी सोडून दिली आणि स्टँडवरच बसून राहिलो.

५. पत्नीला सांगायचे नाही असे ठरवले होते, पण माझे तोंड पाहून तिने काढून घेतले. सगळे ऐकून तिने एकच विचारले, "माह्याबद्दल काई इचारलं का तिनं?" मला खोटे बोलता आले नाही. त्या दिवसापासून ती घराला कुलूप लावू देत नाही आणि घर सोडत नाही. डायलिसिसलाही येत नाही. पाय सुजले आहेत, धाप लागते. मी रागावलो, पाया पडलो, ती म्हणते पोरगी येऊन परत गेली तर. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले आहे की असे चालू राहिले तर ती फार दिवस काढणार नाही.

६. पायलला आपल्या शाखेत विचारले होते की मावशीकडे जाशील का. तिचे उत्तर, "मम्मीले इचारून सांगतो." तेव्हा आपण सर्व हसलात, मीही हसलो. आता हसू येत नाही. पोरगी हे रोज म्हणते.

७. सबब, ती मेली आहे हे सिद्ध करण्याचा माझा आग्रह मी मागे घेतो. माझी विनंती एवढीच की, श्रीमती काळमेघ यांना पुन्हा एकदा आमच्या घरी पाठवावे. आमच्यापैकी कोणी घरी असले की ती येत नाही, म्हणून मी पत्नीला उचलून का होईना बाहेर नेईन. दार उघडे राहील. नियमाप्रमाणे तिला विचारावे की पायलला द्यायचे की नाही. नाही म्हणाली तर हे प्रकरण बंद करावे, पिंकीची समजूत मी घालीन. हो म्हणाली तर पुढे चालवावे. आणि काहीही म्हणाली तरी तिच्या आईने, म्हणजे माझ्या पत्नीने, दवाखान्यात जावे, एवढे तिच्या तोंडून वदवून घ्यावे. मी बाप आहे, पण माझ्याशी ती बोलत नाही. आपल्या माणसांशी बोलते.

उत्तराची वाट पाहत आहे.

आपला नम्र,
(सही)
धर्मपाल तुकाराम खंडारे
भातकुली, दि. १८ डिसेंबर २०२५

सोबत : १. दोघांच्या मृत्यूचे दाखले. २. जावयाची नागरिकत्वाची कागदपत्रे. ३. पत्नीचा डॉक्टरी अहवाल.