दिवेलागणीची हजेरी

नांदेड, २८ जून २००९

चि. उज्वलास, आजी चतुराबाईचे पोटभर आशीर्वाद.

इथं सगळे खुशाल. तुझी खुशाली तू लिही. फोन हाय की म्हणशील, पण फोनवर तुझा बाप शेजारी उभा राहून अर्धं बोलणं स्वतःच उरकतो. पत्रात कुणाला मधी तोंड घालता येत न्हाई. साक्षरता वर्गाला गेले त्याचं एवढं तरी सुख.

तर ऐक. आपल्या घरी टेलिफोनच्या तारेतून टीव्ही आलाय! डिश न्हाई, छत्री न्हाई. त्याच तारेत फोन, त्याच तारेत इंटरनेट, त्याच तारेत कीर्तन. मी तुझ्या बापाला, शिवशंकरला म्हनलं, बाबा, ही तार हाय का रांजण? आपल्याला पहिला फोन मिळेस्तोवर डोळे पांढरे झाले होते, आन् आता सरकारी कंपनीचीच माणसं दारोदार जाऊन घ्या घ्या करून राहिलीत. साहेबांनी तुझ्या बापाला एक्स्चेंजमधून उठवून त्याच कामाला लावलंय. काल भाजीत मीठ न्हवतं, त्याला कळलं बी न्हाई.

आन् आजची गंमत! तू लातूरच्या नेट कॅफेत, आन् तुझं तोंड आमच्या पडद्यावर. मी दिवा लावून रोजच्यासारखी हाक मारली, शिवशंकर, सूनबाई, उज्वला, आन् तू तिकडून ओ दिलीस! बाई गं, रडूच आलं मला. तू लातूरला गेल्यापासून तुझ्या नावापाशी हजेरी अडायची. शेजारचे मुनीबभाई आन् जाहिदाबी बघत होते. त्यांनी तिथंच कनेक्शन घ्यायचं ठरवलं. तुझा बाप लई खूश.

तू वाळलेली दिसलीस. मेसचं वरण पातळ असतं का? एवढ्या डाळीच्या गिरण्या त्या गावात, आन् वरण पातळ!

माया हाय तेवढी ठेव, जमलं तर वाढव.
तुझी आजी

लातूर, ६ जुलै २००९

ती. आजीस, उज्वलाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाजियाने दोनदा वाचलं. नाजिया म्हणजे माझ्या खोलीतली, उदगीरची. तुझ्या रांजणावर फार हसली.

इथं ठीक आहे. क्लासच्या हॉलमध्ये एवढी मुलं, की मागच्या बाकांसाठी टीव्ही लावलाय. सर त्यातच दिसतात. अभ्यास चालू आहे, बाबांना सांग.

काल बाबांच्या मागे बरीच माणसं बसली होती. एक काका म्हणाले, डॉक्टरीणबाई, जरा हसून दाखवा, चित्र हलतं का बघू. मी हसले. ते कोण?

एक विचारू? आपल्या घरी ही हजेरी का घेतात, ते मला कुणी कधी सांगितलं नाही. कुणी ओ दिलीच नाही तर?

मोठ्यांना नमस्कार. नातीला विसरू नकोस.
उज्वला

नांदेड, २० जुलै २००९

चि. उज्वलास आशीर्वाद.

ते काका म्हणजे विरूपाक्ष किराणावाले. तू हसलीस आन् त्यांनी इंटरनेट, टीव्ही दोन्ही घेतलं. आता दर रविवारी घर भरतंय. खुर्च्या मागून आणाव्या लागतात, सूनबाईचा चहा गॅसवरनं उतरत न्हाई. आपल्या गल्लीत नवी तार न्हाई असं घर शोधावं लागंल. साहेबांनी शिवशंकरची पाठ थोपटली.

पण काल तुझ्या जागी नाजिया बसली. म्हणाली, उज्वला टेस्टला गेलीय, मजेत आहे. तुझा बाप म्हणाला, मजेत आहे ना, झालं तर, आन् लोकांना चॅनेल दाखवायला वळला. माझा दिवा तसाच हातात राहिला.

हजेरीचं विचारलंस, तर ऐक. तू तवा अंगावर पीत होतीस, आपण गावाकडंच राहायचो. गणपती बोळवून गाव झोपलं आन् भूकंप झाला. सकाळी जो तो आपल्या माणसांची नावं घेऊन हाका मारत होता. मी सिंधुला हाका मारल्या, तुझ्या आत्याला. शेजारचा धोंडप्पा म्हणाला, सिंधु? ती देवळाकडं गेली, मी बघितली. तो खोटं न्हवता बोलला. धुरळ्यात दुसरीच पोर दिसली असंल त्याला. पण आपल्या पडलेल्या घराच्या ढिगावरची माणसं दुसरीकडं उकरायला गेली, आन् आम्ही देवळाकडं शोधत राहिलो. सिंधु त्या ढिगातच होती.

तवापासून, पत्र्याच्या शेडात राहायला गेलो त्या दिवसापासून, दिवेलागणीला एकेक नाव घेते. ज्याचं नाव त्यानंच ओ द्यायची. दुसऱ्याची ओ मी मोजत न्हाई.

नाजिया गुणाची पोर हाय. पण मी तुला हाक मारली होती. कुठं हायस तू?

माया आहेच. उत्तर दे.
आजी

लातूर, २३ जुलै २००९

ती. आजीस सा. न.

आजी, ओ.

टेस्ट नव्हती. मी खोलीतच पडून होते. क्लासला जातच नाही मी. हॉलच्या दारापर्यंत जाते आणि पाय उचलत नाही. जेवण उतरत नाही. नाजिया मला गच्चीवर एकटीला जाऊ देत नाही.

रविवारी बाबांना सांगायचं म्हणून दोनदा कॅफेत गेले. पण समोर खुर्च्यांवर सगळी गल्ली. माझ्या हसण्यावर लोक तार घेतात. मी तिथं रडले तर बाबांनी काय करायचं?

मला घरी यायचंय. माझ्या वतीने तू बाबांना सांग. एवढं कर.
तुझीच, उज्वला

लातूर, २७ जुलै २००९

चि. शिवशंकरास, आईचा आशीर्वाद.

देवणीला बहिणीकडं जाते म्हणून निघाले, ती लातूरला उतरले. रागावू नको. एसटीत खिडकी मिळाली, आन् इथं तुझी लेक मिळाली. आता मी तिच्याच खोलीत हाय. नाजियानं मला तिची खाट दिली आन् मी घोरते म्हणून कुरकुर बी केली. उज्वला ऐकून हसली. पडद्यावर हसते तसं न्हाई, खरं. आज माझ्यापुढं बसून अर्धी भाकर खाल्ली.

तिला तुला काही सांगायचंय. मला म्हणाली, तू सांग. मी न्हाई म्हनलं. का, ते तुला ठाऊक हाय. त्या दिवशी ढीग सोडून देवळाकडं माझ्यासंगं तूच पळाला होतास.

हात धरून घरी आणली असती. पण मंग जन्मभर माझ्या पदरामागनंच बोलंल.

येत्या रविवारी आम्ही दोघी कॅफेत बसू. मागून आणलेल्या खुर्च्या परत कर. विरूपाक्षला सांग, तुमच्या घरी बी टीव्ही हाय, तो बघा. कनेक्शनं लई जोडलीस लेकरा, लई चांगलं केलंस, मला अभिमान हाय. ही एक तार तेवढी तुझ्यासाठी ठेव.

तुझ्यावर लोभ कालच्याएवढाच हाय, उद्या बी राहील.
आई

ता. क. रविवारी दिवा सूनबाईला लावू दे, हाक तू मार. पहिलं उज्वलाचं नाव घे. आन् मंग गप बस, ती किती का वेळ लावंना.