भट्टीचा भुसा

९ जाने. २००६
आज आईची मुरमुऱ्याची भट्टी पेटलीच नाही. जाळायला भुसा आणायला गेलेल्या आईला राइस मिलवाल्याने रिकाम्या हाताने परत पाठवलं. धानाचा सगळा भुसा आता वीज कारखान्याला जातो. तिथे वजनकाट्यावर भुशाच्या गाड्या मोजते ती मीच. मुरमुऱ्याची टोपली उपडी ठेवत आई म्हणाली, "तुह्या कारखान्यानं खाल्ला व माहा भुसा." आणि हसली. मला जेवण गेलं नाही.

१२ जाने.
कारखान्याचे साहेब सांगतात, भुशावर वीज झाली की तेवढा कोळसा जळायचा वाचतो. खोटं नाही. चंद्रपूरला मावशीकडे वाळत घातलेली चादर झटकली की काळी भुकटी उडते. पण आमची वीज तारेवरून दूर निघून जाते आणि इथे आरमोरीकडे रोज संध्याकाळी लोडशेडिंग. दोन्ही खरं आहे. मग मी नक्की कुणाच्या बाजूची…

१७ जाने.
काट्याखाली सांडलेला भुसा पोत्यात भरून आण, आई म्हणाली. विचारल्याशिवाय नाही आणणार, म्हटलं. शेजारच्या शांताबाई तिथेच होत्या. "हे शिकली व तुही पोरगी! उद्या चुलीतली राख बी इचारून काढन." दोघी खूप हसल्या. मग कोयते घेऊन जंगलात गेल्या, लाकडाला.

१८ जाने.
साहेबांना विचारलं, भट्टीवाल्या बायांसाठी थोडा भुसा गावात ठेवता येईल का. "एका गावाला दिला तर सगळी गावं येतील." येतीलच की, असं म्हणायला हवं होतं. मी 'हो सर' म्हटलं. सोमवारी बँकेचे लोक येणार, दुसऱ्या मशीनच्या कर्जासाठी. गावची मुलगी म्हणून मी बोलायचं आहे. साहेब म्हणाले, "जे आहे ते सांग. फक्त चांगलं सांग."


२३ जाने., सोमवार
बँकेच्या बाईंनी विचारलं, तुमच्या घरी काय फरक पडला? माझ्या पगारावर भावाचं कॉलेज चालतं, म्हटलं. साहेबांनी मान डोलावली. मग तोंडातून निघालंच, की आईची भट्टी आता जंगलातल्या लाकडावर पेटते. गावातल्या सगळ्याच भट्ट्या. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. ते लोक गेल्यावर साहेबांनी माझ्याकडे न बघता केबिनचं दार लावून घेतलं.
घरी आईला सांगितलं. "काऊन बोलली व? गेली मंग नोकरी?"
माहीत नाही.
आई बराच वेळ जळके मुरमुरे निवडत बसली. लाकडाची आच भडकते, कढईतली वाळू एकसारखी तापत नाही. मग म्हणाली, "उद्या मी बी येतो तुह्यासंग. शांताबाईले बी घेतो. सायबाले आमीच इचारतो."
नको म्हणायचं होतं. जमलं नाही. त्या गेटबाहेर उभ्या असतील, मी आत काट्यावर. आईने पेटीतलं चांगलं लुगडं काढून ठेवलं आहे.