नऊशेपैकी सहाशे चार

नाही आई, ह्यात चूक तुझीच आहे. सांगितला भाव कधी द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवलं? बुधवारच्या बाजारात तू पातेल्याला टिचकी मारायचीस, निम्मी किंमत बोलायचीस आणि सरळ चालायला लागायचीस. मागे वळून बघायचं नाही. मी वळलो की हात ओढायचीस. दहा पावलांच्या आत भांडेवाला ओरडायचा, "ओ ताई, घेऊन जा, घेऊन जा!" आठवीत शाळा सुटली, पण ही विद्या पाठ होती. तिनंच मला गोत्यात आणलं.

इथे फरीदाबादला मी एका ठेकेदाराच्या हाताखाली एसी दुरुस्तीची कामं करतो. थंडीत काम नसतं. अशाच एका थंडीत हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे पैसे थकले. वसुलीवाल्याचा फोन आला, "चौदा हज़ार भरो." मी म्हटलं, "साढ़े चार दूँगा, लेना है तो लो," आणि फोन ठेवून दिला. वळून बघितलं नाही. चौथ्या दिवशी त्याचाच फोन, "चलो भाई, उतने ही दे दो." त्या दिवशी खोलीतल्या सगळ्या पोरांना मी जिलेबी खाऊ घातली. आईचं नाव काढलं, म्हटलं.

यंदा सेकंडहँड टेम्पो घ्यायचं मनात आलं. स्वतःचा टेम्पो म्हणजे स्वतःची कामं, ठेकेदाराच्या शिव्या बंद. कर्जासाठी एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकले, तू पाच दुकानांत भाव काढायचीस तसे. पाचही जागी नाही म्हणाले. मग दिल्लीत मयूर विहारला एका मराठी काकांचा एसी धुवायला गेलो. बँकेतून रिटायर झालेले. रडगाणं ऐकून त्यांनी माझ्याच मोबाइलवर माझा क्रेडिट स्कोअर काढला. म्हणजे घेतलेलं कर्ज माणूस कसं फेडतो, त्याचे मार्क. नऊशेपैकी मला सहाशे चार. मी खूश! शाळेत इतके कधी पडले होते?

काका हसले. "अरे यार, इथे साडेसातशेला पास. मोबाइलचं कर्ज तू फेडलंस की घासाघीस करून मिटवलंस?"

"घासाघीस," मी छाती काढून सांगितलं.

"तेच लिहिलंय इथे. पूर्ण न देता तडजोड केली. जो बघेल तो म्हणेल, हा आपल्यालाही अर्ध्यावर सोडणार. वर पाच दारं ठोठावलीस, तेही दिसतंय."

"मग आता?"

"राहिलेले भर. काही बाकी नाही असं पत्र घे, नोंद बदलून घे. बँकेत छोटी ठेव ठेव, तिच्यावर एक कार्ड मिळेल. त्यावर फक्त रिचार्ज मारायचा आणि तारखेच्या आत सगळं भरून टाकायचं. वर्षभर नवा अर्ज नाही."

"वर्षभर?"

"बिल्कुल. चल, आता एसी धू."

परतताना मेट्रोत उभ्या उभ्या तुझी मेथीवाली म्हातारी आठवली. मी नऊ-दहा वर्षांचा. दोन जुड्या दहा रुपयांना ठरल्यात, तू पिशवी उघडून उभी आहेस, आणि मी हुशारी करून म्हातारीच्या हातावर आठच टेकवतो. भर बाजारात तू मला थोबाडीत मारतेस. "भाव ठरायच्या आधी काय घासायचं ते घास. ठरल्यावर एक पैसा कमी नाही." मोबाइल घेताना सही मीच केली होती. भाव तेव्हाच ठरला होता. ती थप्पड मी विसरलो नव्हतो, आई. तुझ्यावर ढकलायला बरं पडतं म्हणून वर अर्धाच नियम लिहिला.

टेम्पो वर्षानं येईल, येऊ दे. कालपासून मला कसं हलकं वाटतंय. मोबाइलचं कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "भैया, पक्का? आपसे तो कोई माँग नहीं रहा." मी म्हटलं पक्का. आणि तुझ्यापासून काय लपवू, पुढच्याच दमात तोंडातून गेलं, "नौ में हो जाएगा क्या?" ती हसली, मी जीभ चावली. पूर्ण पाठवतोय, साडेनऊ हजार.