वाचून झालेली ओळ

३ तारीख
आले बाई एकदाची लेकीच्या घरी. माझी खोली छान आहे: खिडकी, कपाट, टेबल, खाट, डावीकडून उजवीकडे चार ओळींत मावते. नातीला सगळे भिंगरी म्हणतात. चार वर्षांची आहे, एका जागी बूड टेकेल तर शपथ. लेक म्हणाली, सोमवारपासून मी कामावर, दुपारभर ती तुझ्या जिवावर. फुशारलेच मी. आजारपणानंतर पहिल्यांदाच कोणी काही सोपवलं.

५ तारीख
झटका लहान मेंदूत आला होता. चालताना तोल जातो, जिना एकटीला उतरवत नाही. डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत, लक्ष थकलंय. एका वस्तूवरून दुसरीवर जायला वेळ घेतं. काल समोरची किटली दहा मिनिटं शोधली. जावई हसू दाबत होते.
तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, तिथलीच युक्ती काढली. ओळीखाली पट्टी धरायची, वाचून झालेल्या ओळीवर परत जायचं नाही. आता खोलीही तशीच वाचते. जमतंय की.

८ तारीख, सोमवार
नजर खाटेपर्यंत पोचली आणि मागे खिडकीपाशी काहीतरी सरकलं. वाचून झालेल्या ओळीत. लेक म्हणाली, दमली आहेस. दमलेच आहे. नुसतं बघण्यानं माणूस इतकं दमतं हे कुणाला सांगू?

९ तारीख
आज कपाटापाशी. लेकीला बोलले नाही. उगाच भिंगरीला पाळणाघरात टाकतील.

१० तारीख
टेबलापाशी. रोज एक ओळ पुढे.
भिंगरीला विचारलं, खोलीत कोण येतं गं? खेळता खेळता म्हणाली, "तू पुढे बघतेस ना आजी, तेव्हा ती मागून येते."

११ तारीख
सांगायला हवं होतं. माझंच चुकलं. लेक सहाला येईल, आत्ता चार वाजलेत. खाटेवर बसलेय, डाव्या हातात भिंगरीचा हात. सोडणार नाही. लिहिलं नाही तर कुठवर वाचलं ते विसरते, म्हणून —
खिडकी. कोणी नाही.
कपाट. कोणी नाही.
टेबल. खाली दोन पाय. लाल मोजे.
लाल मोजे मीच भिंगरीला घातले होते सकाळी. भिंगरी, तू तिथे कधी —
मान हलवतेय. नको, नको. माझ्याकडे बघत नाहीये. माझ्या शेजारी बघतेय.
खाट वाचायची राहिलीय.
हातातला हात गार