आवाज माझा, ओठ नामदारांचे

मी, प्रयून केतसारा, वय वर्षे सदुसष्ट, धंदा चित्रपटांतील नायकांना आवाज देणे (सध्या बंद), राहणार पाकनाम फो, जिल्हा नखोन सवान, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. दारू प्यालेलो नाही, डॉक्टरांनी बंद केली आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. होता, तो काल दुपारी सरकारी गाडीत बसून बँकॉकला परत गेला. येत्या गुरुवारी इस्पितळात माझे स्वरयंत्र कापून काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, "जगाल, पण बोलणार नाही." जगण्याची खात्री नाही आणि गप्प बसून जगण्याची सवय नाही, म्हणून हा कागद.

कलम १. नदीकाठचे, खांबांवर उभे असलेले लाकडी घर माझी एकुलती मुलगी बुआफान हिला. जावयाने त्यात खुशाल राहावे, पण घराखालच्या मोकळ्या जागेत झुंजीचे कोंबडे बांधू नयेत. ते पहाटे माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतात आणि तेवढी गोष्ट मी मेल्यावरही सहन करणार नाही.

कलम २. माझा जुना माइक विहारातल्या थोरल्या भन्तेजींना. त्यांचे प्रवचन मागच्या बायकांना ऐकू जात नाही, त्यामुळे त्या झोपतात. आता ऐकून झोपतील.

कलम ३. घराखाली चार पोती चपला आहेत. सगळ्या उजव्या पायाच्या. त्या वाटून टाकाव्यात. त्या कुठून आल्या हे सांगायचे तर नामदार वीरयुत यांचे चरित्र सांगावे लागते. ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात नामदारांचे असे फार थोडे आहे.

वीरयुत हे पडद्यावरचे नाव. आईबापांनी ठेवलेले नाव चुएम. हा भाताच्या गिरणीवर होड्यांतून पोती उतरवायचा. शूटिंगला आलेल्या एका दिग्दर्शकाने त्याची छाती पाहिली आणि पोते खाली ठेवायला सांगितले. त्या काळी आमच्याकडे चित्रपट मुके काढायचे. आवाज थिएटरात, चित्र चालू असताना, आम्ही द्यायचो. चुएमची छाती सिंहाची आणि आवाज चिमणीचा. म्हणून तो ओठ हलवायचा आणि प्रोजेक्टरच्या कोठडीत बसून गर्जना करायचो मी. बारा वर्षांत त्याच्या वतीने मी दोनशे खलनायकांना दम दिला आणि साठ नायिकांना लग्नाचे वचन. शिवाय गावोगावच्या मैदानांवर औषधवाल्या कंपनीचे फुकट खेळ. वीरयुतने पिस्तूल रोखले की खेळ थांबायचा, दिवे लागायचे आणि त्याच आवाजात मी जंतांच्या गोळ्या विकायचो. लोकांना वाटायचे, वीरयुतला आपल्या पोटाची किती काळजी!

पहिल्या खेळाला चुएमला थिएटरच्या मंचावर उभे केले होते. त्याने हात जोडले आणि स्वतःच्या आवाजात म्हणाला, "सगळ्यांना नमस्कार." अख्खे थिएटर हसले. पोट धरधरून हसले. त्या दिवसापासून चुएम चारचौघांत तोंड उघडत नाही.

न बोलणारा माणूस भारदस्त वाटतो. त्यामुळे चित्रपट मिळेनासे झाल्यावर काही वर्षांनी एका पक्षाने त्याला तिकीट दिले. सभेत चुएम बंद माइकसमोर ओठ हलवायचा, मी मंचाच्या पडद्यामागे चालू माइक घेऊन बसायचो. ताखलीच्या सभेत उकाडा फार होता. भाषणाच्या मध्येच साहेबांनी पेला उचलून पाणी प्यायले. मला पडद्यामागून दिसले नाही. मी गरिबीवर बोलतच राहिलो. लोक माना उंचावून बघू लागले. मग एक म्हातारी ओरडली, "बघा, पाणी पिताना पण आपलाच विचार करतोय गं!" त्या गावात एकही मत दुसरीकडे गेले नाही.

चपला त्याच निवडणुकीतल्या. मतदानाआधी घरटी डावी चप्पल दिली होती, उजवी निवडून आल्यावर देणार होते. निवडून आले. उजव्या माझ्या घराखाली राहिल्या. बारा वर्षे आमच्या मतदारसंघात विकासाची वाट पाहणारे लोक एका पायावर उभे आहेत. ज्यांच्याकडे डावी अजून शाबूत असेल त्यांनी येऊन जोड पुरा करावा. माप जुळले नाही तर तक्रार आता उपमंत्री झालेल्या नामदारांकडे करावी, माझ्याकडे नाही.

संसदेत तर पडद्यामागे बसायची सोय नव्हती. तिथे नामदार बारा वर्षांत एक शब्द बोलले. हजेरीला "हजर" म्हणाले, आणि सभापतींनी वर गॅलरीत पाहिले, मूल कोणी आत आणले म्हणून. तेव्हापासून ते हजेरीला फक्त हात वर करतात. वर्तमानपत्रे त्यांना संयमी नेते म्हणतात.

कलम ४. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे आणि माझा गळा गुरुवारी जाणार आहे. म्हणून काल नामदारांचे सचिव विसूत हे टेपरेकॉर्डर आणि टाइप केलेली शंभर वाक्ये घेऊन आले. पूर आल्यास काय म्हणायचे, पूर न आल्यास काय, पुलाचे उद्घाटन झाल्यास, तोच पूल पडल्यास. सगळे क्रमवार.

"काका, एकदा वाचून टाका. साहेबांची पुढची वीस वर्षं निघतील."

"साहेब स्वतः का नाही आले?"

"त्यांना इस्पितळं, आजारपण बघवत नाही. मन फार हळवं आहे त्यांचं."

मी नाहीच म्हणणार होतो. पण माझा आवाज मलाच एकदा शेवटचा ऐकायचा होता, म्हणून बसलो. एक्क्याण्णवाव्या वाक्याशी थांबलो. तिथे लिहिले होते: "माझे जिवलग बंधू प्रयून केतसारा आज आपल्यात नाहीत, हे सांगताना माझा कंठ दाटून येतो."

"विसूत, हे काय रे?"

"आत्ताच करून ठेवलेलं बरं ना काका. गुरुवारनंतर जमणार नाही."

मी तेही वाचले. कंठ दाटवला. धंद्यात चाळीस वर्षे काढली आहेत, काम अर्धवट टाकत नाही. पण कॅसेट विसूतला दिली नाही. ती माझ्या शवपेटीत, उशाशी ठेवावी आणि माझ्याबरोबर जाळावी. नामदारांना हवी असल्यास त्यांनी आगीत उडी मारून काढून घ्यावी. चित्रपटांत त्यांनी हे अनेकदा केले आहे, अर्थात उडी दुसराच मारायचा.

दुसरी कॅसेट बुआफानला. तिच्यात भाषण नाही. बाजारातून मासळीचे गोळे कुठल्या बाईकडून घ्यायचे, छपराचा पत्रा कुठे गळतो, असेच काहीबाही आहे. आयुष्यभर घरी आलो की गळा जपायचा म्हणून मी तिच्याशी खुणांनी बोललो. त्याची मला लाज वाटते.

कलम ५. अंत्यविधीला वाटायच्या पुस्तिकेवर फोटो माझा छापावा. नामदारांचा नको, मतदान जवळ असले तरी. आत चित्रपटांची यादी द्यावी आणि प्रत्येकापुढे लिहावे, "नायकाचा आवाज: प्रयून केतसारा." माझे एवढेही नाव कुठल्याही पडद्यावर आले नाही.

शवपेटीवर शेवटचे चंदनाचे फूल ठेवून अग्नी देण्याचा मान उपमंत्री म्हणून वीरयुतला देऊ नये. चुएमला द्यावा, एका अटीवर. त्याने मतदारांसमोर, चालू माइकवर, ते एक्क्याण्णवावे वाक्य स्वतःच्या आवाजात म्हणावे. त्याने निवडणूक जाईल, हे मला माहीत आहे आणि त्यालाही. नाही म्हणाला तर अग्नी बुआफानने द्यावा आणि नामदारांना मागच्या रांगेत, पंख्यापासून लांब बसवावे.

ही अट मी सूड म्हणून घातली असे सगळे म्हणतील. थोडा सूड आहेच. पण बुआफानची आई गेली तेव्हा बुआफान सहा वर्षांची होती. दोन दिवस जेवली नव्हती. चुएम मागच्या दाराने आला, स्वयंपाकघरात तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि त्या चिरक्या आवाजात म्हणाला, "बुआ, चल, एक घास तू, एक घास मी."

"तुम्ही वीरयुत ना? मग असं काय बोलता?"

"वीरयुत बाहेर गाडीत बसलाय. मी चुएमकाका."

ती जेवली. मी दाराआड उभा होतो. इतक्या वर्षांत मी कोठडीतून काढलेल्या एकाही आवाजाने कोणी जेवले नव्हते.

कलम ६. आणखी एक गोष्ट, जी चुएमला माहीत नाही. त्या पहिल्या खेळाला तो "नमस्कार" म्हणाला तेव्हा लोक आपणहून हसले नाहीत. आधी मी हसलो. कोठडीतला माइक चालू होता. थिएटर माझ्यामागून हसले. तो चौतीस वर्षे त्या हसण्याला भीत आला, आणि मी त्याच भीतीवर पोट भरले. हे कलम त्याला बोलण्याआधी वाचून दाखवावे.

तो बोललाच, तर गर्दीत कोणी हसायचे नाही. त्याला हसण्याचा हक्क माझा होता. तो मी कोणाच्याही नावे करत नाही, माझ्याबरोबर जाळावा.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि, गुरुवारपर्यंत येते म्हणून, मोठ्याने म्हणूनही पाहिले.

सही: प्रयून केतसारा

साक्षीदार १: हॉय मानीवान, प्रोजेक्टरवाले. (साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा कायदा आहे. म्हणूनच यांना साक्षीदार केले.)
साक्षीदार २: श्रीमती तोंगयिप, मासळीचे गोळे विकणाऱ्या. वाचताना रडल्या, शाई पुसली आहे ती त्यामुळे, खाडाखोड समजू नये.

ठिकाण: पाकनाम फो
दिनांक: १२ जून, बौद्ध संवत २५३८