माझे नऊ दगाबाज

३ मार्च
ताई आली होती. चहाला हात लावला नाही. भाचा आघाडीवर ट्रक चालवतो, त्याची सुट्टी परत रद्द झाली. म्हणाली, तू सभागृहात निवडून गेलास त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही, एवढं एक कर, पोराला घरी आण. मी म्हटलं, युद्ध काय मी सुरू केलं? मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लढतात सैनिक, पण पैसा मंजूर करतो आम्ही. बजेटमधली युद्धखर्चाची मागणी पाडली की फौजा माघारी. इतकी साधी गोष्ट कुणाला सुचू नये, कमाल आहे. ताईला शब्द दिला.

६ मार्च
कँटीनमध्ये सीक्रेट मीटिंग. आमच्याच पक्षाचे नऊ जण तयार. वकीलसाहेब, डॉक्टरीणबाई, गप्पूसुद्धा (निवडून आल्यापासून सभागृहात एक शब्द बोललेला नाही). मी धरून दहा. दहा मतं फिरली की सरकार हरलं. सगळ्यांनी शब्द दिला. लीडर मीच. तसं कुणी म्हणालं नाही, पण वातावरणात होतं.

९ मार्च
भाषण बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, पैसा तोडलात तर तिथल्या पोरांना परत यायला डिझेल कोण देणार? म्हटलं, माघारीचा खर्च वेगळा ठेवलाय. ठेवला नव्हता. उद्या ठेवतो.

११ मार्च
राहिलंच.

१२ मार्च
डॉक्टरीणबाई फोन उचलत नाहीत. वकीलसाहेब कॉरिडॉरमध्ये पक्षाच्या प्रतोदांशी हसत होते. आमचं मत कुठे पडतं यावर डोळा ठेवणं हेच प्रतोदांचं काम, त्यांच्याशी हसायचं कशाला? हे सगळे ऐनवेळी कच खाणार. मला माणसं बरोबर कळतात.

१३ मार्च
प्रतोदांनी बोलावलं. त्यांना दम द्यायलाच गेलो. त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. संरक्षण समितीचं अध्यक्षपद रिकामं आहे म्हणाले. मी ठणकावलं, मी विकाऊ नाही. ते म्हणाले, विकत कोण घेतंय? घरी येऊन शांतपणे विचार केला. नऊ जण पळणार. एकटा हुतात्मा होऊन भाच्याला काय फायदा? अध्यक्ष झालो की युद्ध आतून थांबवता येईल. हेच जास्त प्रॅक्टिकल.

१४ मार्च, दुपारी
मतदान झालं. मी सरकारच्या बाजूने बटण दाबलं आणि बोर्डाकडे पाहिलं. नऊच्या नऊ विरोधात. गप्पूसुद्धा. मागणी एका मताने मंजूर.
असा विश्वासघात आयुष्यात पाहिला नाही. एवढे ठाम होते तर मला सांगायला काय झालं होतं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगितलं होतं की, कँटीनमध्ये.

संध्याकाळी
ताईचा फोन. रडत होती. एका मताने गेलं, तो एक मेला कोण, विचारत होती. चौकशी करतो म्हटलं.

१५ मार्च
अध्यक्षपद प्रतोदांच्या मेव्हण्याला. शब्दाला किंमतच राहिली नाही.
पेपरात सगळ्यांची मतं नावानिशी छापून आली. ताईकडे पेपर येतो. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग मीच फोन लावला. तिनेच उचलला. म्हटलं, ताई, मी बोलतोय. म्हणाली, बोला साहेब.
मला साहेब म्हटलं की तोंडातून सवयीने जे निघतं तेच निघालं. म्हणालो, तुमचं काम लक्षात आहे.
तिने फोन ठेवला.