पाय अन् बोरकुटाचा डब्बा

माय,

सगळ्यात आधी आली ती वलगावची नणंद. ऑटोतून उतरायच्या आधीच तिचा आवाज घरात, "कुठी हाये पाय?" म्हणजे वहिनी कुठी हाये ते नाई, पाय कुठी हाये! मागून तिच्या दोन सुना, एकीच्या हातात आंबेहळदीची वाटी, दुसरीच्या हातात संत्र्यांची थैली. मी पलंगावर पाय लांब करून बसलेली. नणंदेनं पाय उचलला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला, बाजारात वांगं पाहाते तसा, अन् म्हणे, "सूज तं नाईच. या वयात कायले चिरफाड करता? गरम लेप लावा अन् गप बसा."

"गप बसाचं औषध मले लागूच पडत नाई, बाई," मी म्हटलं. सुना तोंडाले पदर लावून हसल्या.

तुले आधी काय झालं ते सांगाले पाह्यजे. चार महिन्यांखाली माहा उजवा पाय घोट्यात मुरगळला. हाडाले हाड बांधून ठेवणारी आतली पट्टी फाटली, असं अमरावतीच्या डॉक्टरीणबाईनं फोटोत दाखवलं. पट्टा बांधला, एका पायावर उभं राहाचा व्यायाम केला, रोज सकाळी, भिंतीले हात लावून, बगळ्यासारखी. तरी पाय दगा देते, म्हणून तिनं ऑपरेशनचं काढलं. अकोल्याच्या डॉक्टरलेही दाखवू म्हणून पोरासंग एसटीनं निघाली, तं मूर्तिजापूरच्या स्टँडवर, सपाट जमिनीवर, पाय वळला अन् मी फुटाण्याच्या पुडीसकट खाली. कंडक्टर म्हणे, "आजी, काय पडलं?" म्हटलं, "मीच पडली, बापा. फुटाणेही पडले."

अकोल्याचा डॉक्टर म्हणे, घरातल्या घरात फिराचं असन तं ऑपरेशनची गरज नाई. पोराले तेच ऐकाचं होतं. "आई, तुले साखर हाये. जखम भरली नाई तं? सहा आठवडे प्लास्टर. पाय आखडला तं हाये तेवढं चालणंही जाईन." असं बोलताना तो पंख्याकडं पाहाते, डोळे भरले का त्याची तीच सवय, लहानपणापासून. तो खोटं नाई बोलत, माय. मलेही भेव वाटते.

पण अमरावतीची डॉक्टरीण, माह्या नातीहून थोडीशीच मोठी दिसते, तिनं खुर्ची जवळ ओढली अन् विचारलं, "आजी, या पायानं तुम्हाला काय काय करायचं आहे?" आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. मंग म्हटलं, "जिना चढाचा हाये." नात मागं उभी होती, तिनं माह्या पाठीत बोट खुपसलं.

तवापासून तू डोळ्यासमोरून जात नाई. मी लहान होती, त्या वर्षी उन्हाळ्यात काळ्या वावराच्या भेगेत तुझा पाय गेला. तू जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली अन् तिसऱ्या दिवशी कामाले. मंग भुलाबाईचे दिवस आले. संध्याकाळ हाये, आमी पोट्ट्या भुलाबाईपुढं गाणे म्हणून राहिलो, बाया अंगणात फुगड्या खेळून राहिल्या, अन् तू ओट्यावर, मांडीत खिरापतीचा डब्बा. आत कोणता खाऊ हाये ते ओळखल्याबिगर झाकण उघडाचं नाई. आमी डब्बा कानाशी हलवून पाहिला. लाह्या सळसळतात, फुटाणे खडखडतात, लाडू धपधप करते. तुझ्या डब्ब्याचा आवाजच नाई! सगळ्या हरल्या. झाकण उघडलं तं बोरकूट, वाळल्या बोराइचं कुटलेलं पीठ, गच्च दाबून भरलेलं.

त्याच संध्याकाळी मी तुले बोलली, मैत्रिणीइसमोर. "सगळ्याइच्या माया फुगडी खेळतात, तूच काहून बसते? तुले येतच नाई." तू म्हणाली, "कोणी तं डब्बा सांभाळाले पाह्यजे ना वो." अन् हसली.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर फुटाणे वेचता वेचता मले ते समजलं. तू पायरी उतरताना खांबाले धरे. विहिरीवरून दोन घागरी आणणारी तू एकच आणाले लागली होती. तुले फुगडी येत होती. पाय दगा देत होता. अन् आमी कोणी तुले हलवून पाहिलं नाई. पाहिलं असतं तरी आवाज आला नसता, इतकं दाबून भरलं होतं तू.

आता माह्या डब्ब्यातलं ऐक. मी सगळ्याइले सांगतलं का न्हाणीत घसरली. खोटं. मी गच्चीवर नातीसंग फुगडी खेळून राहिली होती. हातात हात अडकवले, पाय जोडले, मागं झुकली. धुण्याच्या दोऱ्या, पाण्याची टाकी, शेजारणीचे पापड, सगळं गरगर. नात ओरडे, "आजी, बस!" मी म्हणे, "अजून!" त्या अजूनलेच पाय गेला. पोट्टी रडाले लागली, अन् मी पडल्या पडल्या हसून राहिली होती.

आज नणंदेनं लेप घोळता घोळता टोमणा मारला, "एवढा पाय नीट करून कोणाच्या वरातीत नाचता, वहिनी?"

माह्या तोंडून निघून गेलं, "मले फुगडी खेळाची हाये."

पोरगा पंख्यावरची नजर काढून माह्याकडं पाहाले लागला. मंग नातीकडं पाहिलं, ती लाल. तो म्हणे, "आई, तू न्हाणीत फुगडी खेळून राहिली होती?"

सगळ्यात आधी नणंद हसली, वाटी हातातून पडेपर्यंत. पोरगा हसला नाई. बराच वेळ माहा पाय मांडीवर घेऊन बसला. मंग त्यानं डॉक्टरीणबाईले फोन लावला. साखर सध्या ताब्यात हाये, ती म्हणाली, पण हमी कोणी देत नाई. पोरानं मले विचारलं, "करू?" म्हटलं, "कर." मंगळवार ठरला.

हा कागद आता माह्या पायाच्या फोटोच्या लखोट्यात ठेवून देते, तुझ्यापर्यंत पोचवणारा पोस्टमन काही मले माहीत नाई. फुगडीचं आज पोराले सांगून मोकळी झाली. तुले एक सांगाचं राहिलं. त्या संध्याकाळी तुझ्या वाटणीचं बोरकूट मीच खाल्लं, अन् तू विचारलं तवा म्हटलं, संपलं.

नणंद जाताना दारातून वळली अन् म्हणे, "गुरुवारी येतो आमी तिघी, दवाखान्यात. डब्बा आणतो. काय हाये ते ओळखा लागीन, वहिनी."